मुक्कामाला निघालेलं कुत्रं

गटाची बैठक भरली असेल तर हप्त्याची वही पाच मिनिटं मिटून ठेवा. शेळ्यांना पाला टाकत असाल तर टाकता टाकता ऐका. मी पशुसखी आहे. शेळीच्या, कोंबडीच्या लसीबद्दल मी तुमच्याशी पुष्कळदा बोलले. आज बोलायचं आहे कुत्र्याबद्दल, आणि तेही मुक्कामाला निघालेल्या कुत्र्याबद्दल.

शहरातली माणसं सुट्टी मिळाली की तंबू घेतात, आवडतं कुत्रं गाडीत घालतात आणि दोन रात्री डोंगरात काढून येतात. ती हौस झाली. आपला मुक्काम हौसेचा नाही. दसरा झाला की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, तिकडं पाथर्डी, अशा तालुक्यांतली गावंच्या गावं ऊस तोडायला निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी सातारा-पुण्याला, कोणी थेट कर्नाटकात. नवराबायकोचा एक कोयता, मुकादमाची उचल, आणि पाच-सहा महिने कोपीत संसार. ट्रकात काय काय चढतं ते तुम्हाला सांगायला नको. पत्र्याची पेटी, भांडी, पिठाची गोणी, अंथरुणं, शेळी, डालग्यातल्या कोंबड्या, म्हातारी माणसं, लेकरं. सगळं चढवून झालं की घरचं कुत्रं आपण होऊन उडी मारतं. कोणी बोलावलेलं नसतं आणि कोणी हाकलतही नाही.

नेऊ नका असं मी म्हणणार नाही. पहाटे चारला तुम्ही फडात जाता, तेव्हा कोपीपाशी कोण उरतं? एखादी म्हातारी नाही तर आठ-दहा वर्षांची पोर, तिच्या कडेवर धाकटं. कोपीला धड दार नाही, कडी-कुलूप तर नाहीच. अशा ठिकाणी कुत्रं भुंकलं म्हणजे कोणीतरी आलं, एवढं कळतं. हा आधार थोडा नाही. पण जे राखण करतं, त्याच्यामुळंच घरावर संकट येऊ नये. म्हणून आज एकच गोष्ट सांगते. कुत्रं न्यायचं असेल तर घरातलं माणूस नेतो तशी त्याची तयारी करून न्या. तयारी करता येत नसेल तर गावात कोणाच्या तरी हवाली करून जा. मधला रस्ता नाही.

पहिली तयारी लसीची. पिसाळण्याच्या रोगाला डॉक्टर रेबीज म्हणतात. हा रोग पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून येतो, चावल्यानं येतो, आणि आपल्याकडं माणसाला तो बहुतेक वेळा कुत्र्यापासून होतो. एकदा माणसाला लक्षणं दिसायला लागली, पाणी बघून घशात आचके यायला लागले, की मग हातात काही राहत नाही. औषध नाही, माणूस वाचत नाही. पण लक्षणं दिसण्याआधी लस मिळाली तर हाच रोग टळतो. इतका भयंकर आणि इतका टाळता येणारा, असा दुसरा रोग मला तरी माहीत नाही.

मुक्कामावर कुत्र्याला धोका जास्त का? गावात त्याला गल्ली ओळखीची असते. तळावर दहा गावांच्या टोळ्या उतरतात आणि प्रत्येक टोळीची कुत्री असतात. शिवाय तिथली स्थानिक कुत्री. पहिले आठ दिवस नुसती भांडणं. कोणाचं कुत्रं कुठून आलं, त्याला लस आहे की नाही, कोणालाच ठाऊक नसतं. त्या भांडणात आपलं कुत्रं चावून घेतं, रात्री कोपीत येऊन लेकरांच्या कुशीत झोपतं. म्हणजे भांडण कुत्र्यांचं आणि धोका लेकरांना.

लस कधी द्यायची, हे नीट ध्यानात ठेवा. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि मग दरवर्षी एक. पहिल्यांदाच लस टोचली असेल तर ती अंगी लागायला तीन ते चार आठवडे जातात. म्हणून ट्रक दारात उभा राहिल्यावर कुत्र्याला दवाखान्यात नेऊन उपयोग नाही. मी एक खूण सांगते. गणपती उठले, पितृपंधरवडा लागला की कुत्र्याची लस. तिथून दसऱ्याला साधारण पंचवीस दिवस असतात. पितरांच्या पानातला एक घास बऱ्याच घरांत कुत्र्यासाठी काढतात. त्या घासाबरोबर सुईचीही आठवण ठेवायची. त्याच सुमाराला २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो आणि पुष्कळ पशुवैद्यकीय दवाखान्यांत त्या दिवसांत लसीची शिबिरं होतात. चौकशी करा.

हा २८ सप्टेंबर कुठून आला, तेही सांगते. लुई पाश्चर नावाचे एक शास्त्रज्ञ फ्रान्समध्ये होऊन गेले. १८८५ सालच्या जुलै महिन्यात नऊ वर्षांच्या एका मुलाला पिसाळलेलं कुत्रं चावलं. जोसेफ माइस्टर त्याचं नाव. त्याच्या आईनं त्याला घेऊन पॅरिस गाठलं. पाश्चरांची लस तेव्हा जनावरांवर करून पाहिलेली होती. ६ जुलैला या पोराला ती टोचायला सुरुवात झाली. पोरगं वाचलं, आणि पुढं मोठेपणी पाश्चरांच्याच संस्थेत राखणदार म्हणून राहिलं. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ ला वारले, म्हणून तो दिवस. त्या काळी एक आई पोराला घेऊन परमुलखात दवाखाना शोधत गेली. आपल्याला तर तालुक्यापर्यंतच जायचं आहे, तेही कोणाला चावण्याआधी.

एक बाई मला म्हणाली, "ताई, माणसाला दवाखान्यात न्यायला सवड नाही, कुत्र्याला कुठं नेऊ?" तिचं खोटं नाही. पण हिशेब करून बघा. मुक्कामावर लेकराला कुत्रं चावलं तर लसीसाठी निदान चार खेपा दवाखान्यात होतात. चार दिवस कोयता बंद. त्याचा खाडा धरला जातो, गाडीभाडं वेगळं, आणि जीव टांगणीला लागतो तो वेगळाच. त्यापेक्षा गावी असतानाचा अर्धा दिवस स्वस्त. आणि एकेकटीनं जाण्याची गरजही नाही. गटाच्या बैठकीत गावातल्या कुत्र्यांची यादी करा. कोणाचं, किती वयाचं, आधी लस झाली का. वीस-पंचवीस कुत्री निघाली की ती यादी घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात अर्ज द्या, डॉक्टर गावात एक दिवस येतील का ते विचारा. एकीच्या अर्जापेक्षा गटाच्या अर्जाला वजन असतं, हे तुम्ही बँकेत पाहिलंच आहे. लस झाली की कागद मागून घ्या. तो कागद आधार कार्ड आणि रेशन कार्डाच्या पिशवीतच ठेवा.

लसीबरोबर जंताचं औषधही द्या, आणि पुढं दर तीन महिन्यांनी देत राहा. याचं कारण फार बायांना माहीत नसतं. शेळी-मेंढी कापली की तिच्या काळजात, फुप्फुसात कधी कधी पाण्यानं भरलेल्या गाठी दिसतात. आपण त्या काढून कुत्र्यापुढं टाकतो. त्या गाठीत एका जंताची पिल्लं असतात. ती कुत्र्याच्या पोटात मोठी होतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, मातीत, पाण्यात, कुत्र्याच्या केसांना लागतात. लेकरू कुत्र्याशी खेळून तसंच भाकरीला हात लावतं आणि अंडी पोटात जातात. मग काही वर्षांनी माणसाच्याच काळजात तशी गाठ होते आणि ऑपरेशनची वेळ येते. म्हणून असल्या गाठी कुत्र्याला घालू नका, खोल पुरा नाहीतर जाळा. आणि कुत्र्याला हात लावला की जेवण्याआधी हात साबणानं धुवायचे, हा नियम लेकरांना लावून द्या.

आता नेण्याआधीचे तीन प्रश्न. एक, त्याला लस झाली आहे का? दोन, ते माणसावर, लेकरांवर धावून जातं का? धावून जाणारं कुत्रं दाट वस्तीच्या तळावर नेऊ नये. तिथं शेजारच्या कोपीतली लेकरं दिवसभर इकडून तिकडं पळत असतात, आणि मोठं माणूस जवळ नसतं. तीन, कुत्री असेल तर ती गाभण आहे का? कुत्री साधारण दोन महिन्यांत विते. ऐन हंगामात कोपीत पाच-सहा पिल्लं झाली तर त्यांचं करणार कोण? शिवाय व्यालेली कुत्री पिल्लांजवळ गेलेल्या लेकराला चावते. तिला गावातच ठेवा. शक्य असेल तर तिची नसबंदी करून घ्या. म्हणजे दरवर्षीची ही काळजीच मिटते.

मागं ठेवायचं ठरलं तर नुसतं दारात सोडून जाऊ नका. घराला कुलूप आणि दारात कुत्रं, असं चित्र दिवाळीच्या सुमारास गावोगाव दिसतं. ते बिचारं आठवडाभर त्याच ओट्यावर बसून राहतं आणि मग उकिरड्यावर फिरायला लागतं. गावात राहणाऱ्या एखाद्या आजीला, गटातल्या एखाद्या मैत्रिणीला नाव घेऊन सांगून जा. तिला ज्वारी-बाजरीचं पायलीभर पीठ देऊन जा. सांगितल्याशिवाय कोणी कोणाचं कुत्रं सांभाळत नाही.

आता मुक्कामावर पोचल्यानंतरचं. पहिला आठवडा कुत्र्याला बांधून ठेवा. त्याला जागा नवी असते, वास नवे असतात. सोडलं तर ते गावाकडची वाट शोधत निघून जातं, नाहीतर तळावरच्या कुत्र्यांशी जुंपतं. गळ्यातला पट्टा इतका सैल हवा की आत दोन बोटं गेली पाहिजेत. त्याहून घट्ट असला तर मान कापते, आणि फार सैल असला तर डोकं काढून ते पळतं. बांधायची जागा सावलीची असावी, आणि ऊन फिरतं हे ध्यानात ठेवून दुपारची सावली बघावी. फेब्रुवारीनंतर पत्रा आणि पाचट दोन्ही तापतात. पाण्याचं भांडं कलंडणार नाही असं जड घ्या आणि फडात जाण्याआधी भरून जा.

बैलगाडी, टायरगाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली यांच्याखाली सावली असते, म्हणून कुत्रं तिथं जाऊन झोपतं. त्याच्या मागं लेकरूही जातं. गाडी हलवण्याआधी खाली वाकून बघायचं, ही सवय टोळीतल्या प्रत्येक गाडीवाल्याला लावा. कुत्र्यासाठी म्हणून सांगितलेली ही गोष्ट लेकरासाठी जास्त मोलाची आहे.

खायला आपली भाकरी, कालवण नसलेला भात, ताक चालतं. कांदा-लसूण घातलेलं उरलंसुरलं कालवण त्याला सोसत नाही. कोंबडीची शिजवलेली हाडं घालू नका. शिजल्यावर त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात आणि घशात, आतड्यात रुततात. अंगावरचे गोचीड आठवड्यातून एकदा तरी काढा, कानाच्या आतून आणि पायाच्या बोटांमधून बघा. गोचीड बोटानं चिरडू नका, रॉकेलच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात टाका. कुत्र्यानं केलेली घाण लेकरांच्या खेळायच्या जागेपासून आणि पाण्याच्या हंड्यापासून लांब पुरा. कुत्रं आजारी पडलं तर १९६२ या नंबरावर फोन लावा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा तो सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत.

आणि इतकं करूनही कोणाला कुत्रं चावलं तर? हे मी सावकाश सांगते. जमलं तर गटातल्या लिहिणाऱ्या मुलीनं वहीत उतरून घ्यावं.

पहिलं, जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं म्हणजे भात शिजायला लागतो तेवढा वेळ. नळ नसेल तर तांब्यानं पाणी ओतत राहायचं. कपड्याचा साबण असला तरी चालतो. लाळेतला विषाणू धुऊन काढायचा हा सगळ्यात सोपा उपाय आहे आणि तो दवाखान्यात पोचण्याआधी आपल्याच हातात असतो.

दुसरं, जखमेवर मिरची, चुना, हळद, तंबाखू, तेल काहीही लावायचं नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही. मंतरलेलं पाणी, गळ्यातला दोरा यावर विसंबून एक दिवसही घालवायचा नाही. देवावर श्रद्धा असू द्या. नवस लस घेतल्यावर फेडता येतो.

तिसरं, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठायचं. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिली सुई ज्या दिवशी, तो दिवस शून्य धरायचा. मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुढच्या सुया. काही ठिकाणी दंडात पाच सुया देतात, तेव्हा चौदाव्या दिवसाचीही एक असते. जखमेतून रक्त आलं असेल, तोंडावर, मानेवर, हातावर चावलं असेल, तर लसीबरोबर जखमेतच टोचायचं आणखी एक इंजेक्शन लागतं. ते इथं नसेल तर कुठं मिळेल, हे डॉक्टरांना विचारून तिथं जायचंच. पोटुशी बाई आणि अंगावर पाजणारी बाई, दोघींनाही ही लस चालते. घाबरून मागं राहू नका.

चौथं, मधेच टोळी हलली, दुसऱ्या गावाला मुक्काम पडला, तरी सुया सोडायच्या नाहीत. दवाखान्याचा कागद दाखवून राहिलेली सुई दुसऱ्या सरकारी दवाखान्यात घेता येते. हा रोग आत दबा धरून बसतो. साधारण दोन-तीन महिन्यांनी उगवतो, कधी त्याहून लवकर, कधी वर्षानंतरही. चावलं कारखान्याच्या तळावर आणि दुखणं उगवलं गावी आल्यावर, असं होऊ शकतं. जखम भरली म्हणजे धोका टळला, असं मुळीच नाही.

पाचवं, चावलेलं कुत्रं मारून टाकू नका. ओळखीचं असेल तर बांधून दहा दिवस लक्ष ठेवा. पिसाळलेलं कुत्रं बहुधा तेवढ्यात मरतं. पण लस घ्यायला दहा दिवस थांबायचं नाही. सुई लगेच सुरू करायची आणि कुत्र्यावर नजर ठेवायची, दोन्ही एकाच वेळी. आपल्याच लस दिलेल्या कुत्र्यानं चावलं तरी डॉक्टरला दाखवायचं. पिसाळलेलं म्हणजे नेहमी चवताळलेलंच असतं असंही नाही. कधी ते अंधारात दडून बसतं, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो. घशात हाड अडकलं असेल म्हणून त्याच्या तोंडात हात घालू नका.

आणि एक आईंसाठी. मार बसेल या भीतीनं लेकरं चावल्याचं लपवतात. नुसता ओरखडा होता म्हणून विसरतात. संध्याकाळी फडातून आल्यावर हातपाय धुताना लेकराच्या अंगावरून एकदा नजर फिरवा. रागावणार नाही असं सांगून विचारा.

आता बिबट्याचं बोलते, कारण जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, तसंच अकोले, संगमनेर भागातल्या फडांवर जाणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. तिथं बिबट्या डोंगरातून चुकून आलेला नसतो. तो उसातच राहतो, उसातच त्याची पिल्लं होतात. ऊस दाट, पाणी जवळ, आणि खायला मिळतं ते वस्तीच्या आजूबाजूला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. वजनानं मोजला तर शंभर किलोत सुमारे ३९ किलो. म्हणजे आपण ज्याला राखणदार समजतो, ते बिबट्याच्या लेखी भक्ष्य आहे. तरीही कुत्रं भुंकून सावध करतं, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, म्हणून जपून वागायचं.

कुत्रं रात्री कोपीच्या तोंडाशी, लेकरांच्या उशापायथ्याशी बांधू नका. कुत्र्यासाठी आलेल्या बिबट्याच्या आणि लेकराच्या मध्ये मग एका हाताचं अंतर राहतं. उसाच्या कडेलाही बांधू नका, तिथं तर ते आयतंच सापडतं. कोप्या एकमेकींना जवळ, गोलाकार घाला आणि मधल्या उजेडाच्या मोकळ्या जागेत जनावरं आणि कुत्री ठेवा. तट्ट्यांचा नाहीतर जाळीचा आडोसा करता आला तर फारच चांगलं. लेकरं कोपीत आतल्या बाजूला आणि मोठी माणसं तोंडाशी, असं झोपा. कोंबडीची पिसं, आतडी, उष्टं तळाच्या जवळ टाकू नका. त्या वासानं मोकाट कुत्री येतात आणि त्यांच्या मागं बिबट्या येतो. पहाटे आणि रात्री बाहेर बसायला एकटीनं जाऊ नका. दोघी-तिघींनी बॅटरी घेऊन, मोठ्यानं बोलत जा. खाली बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं वाटतं.

आणि बिबट्यानं कुत्रं उचललंच तर मागं धावू नका, दोर ओढू नका. जीव तुटतो, हे मला कळतं. पण कुत्र्यासाठी माणूस द्यायचा नाही. ओरडा, ताटं वाजवा, सगळ्यांना जागं करा आणि वन खात्याला १९२६ नंबरावर कळवा. जनावरांच्या डॉक्टरचा १९६२ आणि वन खात्याचा १९२६. आकडे तेच, फक्त शेवटचे दोन उलटे. लेकरांकडून पाठ करून घ्या.

हिमाचलचे गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट्या पहिल्यांदा नरडं धरतो. आपल्याकडचे मेंढपाळ धनगरही दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यावर लादून मैलोन्‌मैल चालतात. रोज नव्या रानात मुक्काम, मेंढ्यांभोवती जाळी, आणि बाहेरच्या अंगाला कुत्री. त्या वाड्यावरच्या बाया भाकरी थापताना कुत्र्यांच्या भाकरी मोजूनच पीठ मळतात. मुक्कामाला कुत्रं कसं सांभाळावं, हे त्यांच्याकडून शिकावं. त्यांच्याकडं कुत्रं उरलेल्या तुकड्यावर जगत नाही. ते बिऱ्हाडाच्या मोजणीत असतं.

शेवटची गोष्ट परतीची. मार्च-एप्रिलात कारखाना बंद होतो. हिशेबाची धांदल, गाडीत जागा कमी, जो तो घराच्या ओढीनं निघालेला. तेव्हा कुत्रं पाण्याला गेलेलं असतं, नाहीतर कोणी म्हणतं, "राहू दे, जगेल इथंच." ते जगत नाही, बायांनो. तळ उठतो, कोप्या मोडतात, भाकरी देणारे हात जातात आणि ते मोकळ्या रानात राहतं. मग ते एक तर उपाशी मरतं, नाहीतर मोकाट होतं आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या कोणाच्या लेकराला चावतं, कदाचित आपल्याच. पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं मरेल असं टाकून देणं हा १९६० च्या प्राण्यांच्या कायद्यानं गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधीपासून आपल्याला हे ठाऊक आहे. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रं आहे. आणि पांडव शेवटच्या वाटेला निघाले, तेव्हा एकेक भाऊ गळून पडला, द्रौपदी पडली, बरोबर राहिलं ते एक कुत्रं. स्वर्गाच्या दारात धर्मराजाला म्हणाले, एकटा आत ये, कुत्रं बाहेर ठेव. तो म्हणाला, माझ्या भरवशावर आलेल्याला टाकून मी येणार नाही. आपल्याला कोणी स्वर्ग देणार नाही. आपल्याला ट्रॉलीत हातभर जागाच तेवढी करायची आहे. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर आधी कुत्रं बांधा, मग कोपी मोडायला घ्या.

येत्या बैठकीत एवढं करा. कुत्र्यांची यादी लिहा, लसीचा दिवस ठरवा, कोणतं कुत्रं जाणार आणि कोणतं राहणार ते ठरवा, आणि राहणाऱ्याचं कोण बघणार तिचं नाव त्याच्यापुढं लिहा. वहीच्या मागच्या पानावर १९६२ आणि १९२६ हे दोन नंबर मोठ्या अक्षरात काढा. दवाखान्यात अर्ज द्यायला अडचण आली तर तुमच्या गावच्या पशुसखीला हाक मारा, ती तुमच्याबरोबर येईल.

जपून जा, आणि जेवढी जणं जाल तेवढी जणं परत या.